टाळ्यांच्या जागी

बावा, तुमच्या तेराव्याला टाळ्या वाजल्या, आणि त्या मी वाजवल्या.

हातांनी नव्हे, मोबाइलवर. पण मंडपातल्या कुणाला हा फरक पटवून देणार? जेवणं आटोपली होती, माणसं सुपारी चघळत भिंतीला टेकली होती आणि आमची अक्का मला म्हणाली, "त्यांनी माझ्यासाठी बसवलेलं ते गाणं लाव की गं. तुझ्याकडं पाठवलंय म्हणाले होते." मी ऐटीत स्पीकर जोडला. पहिल्यांदा बेंजोच्या जागी कसलंतरी टणटण टणटण सुरू झालं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तरी मी बंद केलं नाही, म्हटलं पुढं सुधारेल. धृपद संपलं आणि टाळ्या. अशा कडाडून, की नाटकाचा पडदा पडलाय जणू.

मंद्रूपहून आलेले तुमचे थोरले दादा ताडकन उठले. "ह्ये काय लावलंय? माणूस गेलाय हितं आन् टाळ्या वाजिवताय व्हय?" मी घाईत बंद करायला गेले तर बोट भलतीकडं पडलं आणि आवाज वाढला. दुसरं धृपद आलं. पुन्हा टाळ्या. शेवटी तुमच्या ऑर्केस्ट्रातले क्लॅरिनेटवाले मेहबूबभाई उठले आणि त्यांनी स्पीकरची वायरच उपटली. "जाने देव दादा, बच्ची की गल्ती हुई," म्हणाले. चाळिशी उलटलेली बच्ची मी. कोपऱ्यात उभी राहून मोबाइल पदराखाली लपवत होते. अक्काने तोंडाला पदर लावला होता. तिच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही.

तुमच्याविषयी चांगलंचुंगलं लिहावं म्हणून बसले होते. तुमचा स्वभाव, तुमची बोटं, हसताना तुमचा तो पुढं येणारा दात. पण पेन उचललं की आधी त्या टाळ्याच ऐकू येतात. लाज वाटते हो, बावा. माणूस गेल्याचं दुःख करावं की आपली फजिती आठवत बसावं, एवढंही मला कळेना झालंय, आणि याचीही लाजच वाटते.

तुम्हाला पहिल्यांदा 'बावा' म्हटलं तो दिवस आठवतो का? आमच्या तेलुगू घरात बहिणीचा नवरा म्हणजे बावा, यात विचार करण्यासारखं काय आहे असं आम्हाला वाटायचं. तुम्ही मंद्रूपचे. तुम्ही एकदम सरसावून बसलात. "बावा? म्या काय राख फासून आलोय व्हय गं?" आई आतून विचारत होती की जावईबापू कशाला रागावले, आणि अक्का हसून हसून भिंतीला टेकलेली. माझ्या अख्ख्या माहेरात आधी तुम्हाला फक्त मी बावा म्हणत होते, नंतर गल्ली म्हणायला लागली. पुढं तर तुमच्या दुकानात लग्नपत्रिका छापायला येणारी गिऱ्हाइकंही "बावा हायत का" म्हणून विचारायची.

दुकान तुम्ही ऑर्केस्ट्रा बंद पडल्यावर टाकलंत. डीजे आले, की-बोर्डवाल्याला कोण बोलावणार? पण बोटांची खोड जाईना. पत्रिकांचं काम संपलं की तुम्ही की-बोर्ड कॉम्प्युटरला जोडायचात आणि चाली बसवत राहायचात. तो कॉम्प्युटरही कुठला, तर भंगारात जाणारा, आणि त्यावर जगात कुणी वापरत नाही अशी ऑपरेटिंग सिस्टिम. हायकू म्हणे. मी म्हटलं होतं, "ती तीन ओळींची जपानी कविता ना? मग तीन ओळींनंतर बंद पडते का?" तुम्ही नुसतं बटण दाबलंत. मी पुढचा टोमणा जुळवेपर्यंत पडदा उजळलासुद्धा होता. निळा पडदा, कोपऱ्यात झाडाचं पान, खिडक्यांना पिवळ्या पट्ट्या. "तुज्या कंपनीतला कॉम्प्युटर चहा पिऊन येईस्तवर जांभया देतो," तुम्ही म्हणालात.

हा आपला वाद कधी मिटलाच नाही. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलवर विणायची जॅकार्ड डिझाइनं कॉम्प्युटरवर करते, त्यामुळं कॉम्प्युटरमधलं आपल्यालाच कळतं असा माझा एक तोरा. मी म्हणायची, साधी सिस्टिम घाला, चार लोक मदतीला तरी सापडतील. तुम्ही म्हणायचात, "चार लोकांत माजं मलाच सापडत न्हाय. हितं सगळं हाताशी हाय." आणि मग तुम्ही मला मिडी, म्हणजे तुमच्या चालींची ती फाइल, काय असते ते समजावायला बसायचात, आणि मी घड्याळाकडं बघायची.

एकदा मात्र तुम्ही मला गप्प केलंत. मी म्हटलं, एवढ्याशा फाइलीत अख्खं गाणं मावतं म्हणजे कमालच आहे. तुम्ही म्हणालात, "गाणं हाय कुटं त्यात? कुठला सूर, कवा, किती जोरात, एवढंच लिवलंय. आवाज न्हाय त्यात. तुज्या डिझाइनच्या फाइलीत सूत असतं का?" मी म्हटलं, नाही. "मग? सूत ज्याचं त्यानं घालायचं."

एवढं ऐकूनही मी ती फाइल तेराव्याला मोबाइलवर लावली. मोबाइलने त्याच्याकडचं सूत घातलं. दुसरं काय करणार तो?

बेंजोचं तर तुम्ही मला दहादा सांगितलं होतं. मिडीत वाद्यांना नंबर ठरलेले असतात, टाळ्यांनासुद्धा, सगळ्या जगात सारखे. त्यात बेंजो आहे म्हणून तुम्ही पहिल्यांदा हरखून गेलात आणि वाजवल्यावर निघाला तो अमेरिकेतला, तारा छेडायचा. आपला बेंजो म्हणजे मिरवणुकीतला, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचा. "दारावर नाव आपलं आन् आत राहतोय भलताच," म्हणून तुम्ही कितीतरी दिवस फुणफुणत होता. मग तुम्ही त्या भलत्याला बाहेर काढलंत. मेहबूबभाईंच्या ओळखीच्या बेंजोवाल्याला दुकानात बसवून एकेक सूर टिपून घेतलात आणि त्या नंबरावर आपला बेंजो बसवलात. अशी स्वतःच्या आवाजांची एक पेढीच तुम्ही जमवत होता. त्या पेढीत काय काय आहे, ते ऐकायला मी कधी बसले नाही. आणि अक्कासाठी बसवलेली चाल तर तुम्हीच ऐकू दिली नव्हतीत. "ती मेव्हणीसाठी न्हाय," म्हणालात. फक्त फाइल पाठवलीत, जपून ठेव म्हणून.

तेराव्यानंतर गल्लीत काय काय झालं, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. किराणावाल्याने मला विचारलं, "टाळ्या कुणासाठी होत्या?" कंपनीत एकीने कानात विचारलं, खरंय का गं. थोरल्या दादांनी अक्काला फोन करून सुनावलं की तुझ्या बहिणीला आवर. मला कुणी समोर शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तोंड चुकवत मागच्या बोळातून यायला लागले.

अक्काचं मात्र वेगळंच चाललेलं. भेटायला येईल त्याला ती एकच सांगायची, "मी त्यांना धड वाजवू दिलं नाही. सारखी गप्प करत होते." बायका म्हणायच्या, असं मनाला लावून घेऊ नये. ती मान हलवायची आणि पुढच्या बाईला पुन्हा तेच सांगायची. मला मात्र ती टाळ्यांबद्दल एका शब्दाने बोलली नाही. एवढंच म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नको. पण मला ते एकदा ऐकायचंय. त्यांनी वाजवलं होतं तसं. तुला जमेल ना?"

जमेल म्हटलं. न जमून सांगते कुणाला?

रविवारी दुपारी दुकानाचं शटर वर केलं. शटरवर तुमच्या हातचा कागद तसाच होता, 'पत्रिका उद्या मिळतील.' कुणाचं लग्न होतं कोण जाणे, तेही आता उरकलं असेल. आत शाईचा वास, आणि टेबलावर तुमचा चष्म्याचा रिकामा डबा. कॉम्प्युटर लावला. पान आलं, पिवळी पट्टी आली. मिडी वाजवायची ती छोटी खिडकी सापडली, तिच्यात अक्काची फाइल ओढून टाकली. हिरव्या रेषा नाचायला लागल्या. आवाज शून्य. स्पीकर तपासले, वायर तपासली, आवाजाची पट्टी शेवटापर्यंत नेली. रेषा आपल्या नाचतायत आणि दुकान गप्प. मी तुम्हाला मोठ्यांदा म्हटलं, "बघा, हेच म्हणत होते मी!" आणि मग रडले. शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

नंतर कळलं की तुम्ही जाण्याच्या थोडं आधीच सिस्टिम नवी घातली होती आणि आवाजांची पेढी परत जोडायची राहिली होती. सेटिंगमध्ये मिडीची जागा होती, पण यादीच रिकामी. त्या सिस्टिमच्या माणसांनी लिहिलेली मदतीची पानं वाचत बसले. पेढी नसेल तर मिडीला आवाज नाही, असं तिथंही स्वच्छ लिहिलेलं, अगदी तुम्ही सांगायचात तसंच. त्यांचीच एक तयार पेढी घातली. वाजलं! आणि पुन्हा तोच अमेरिकेतला टणटण्या, पुन्हा त्याच टाळ्या. मी कानांवर हात ठेवले. दुकानात एकटी असूनही मागं वळून बघितलं, थोरले दादा उभे आहेत की काय.

तुमची पेढी जुन्या डिस्कवर मिळाली. नाव काय ठेवलंत हो! 'सासरवाडी'. ती फाइल जिथं ठेवायची तिथं ठेवली आणि सेटिंगची यादी उघडली, तर त्यात आली की सासरवाडी! निवडली. हेडफोन लावला. आवाज किती घुमवायचा त्याचे पर्याय होते, गॅरेज, गुहा, तळघर असले काहीतरी. तुम्ही 'कपाट' ठेवायचात हे मला माहीत होतं, कारण त्यावरूनही मी तुम्हाला चिडवलं होतं.

बावा, काय वाजलं म्हणून सांगू! बेंजो आला, आपला, बटणांची टकटक ऐकू येणारा. खाली ठेका होता तो तबल्याचा नव्हे. खटक-खट, खटक-खट. आमच्या घरातल्या विणायच्या मागाचा होता तो, आई गेल्यावर आम्ही विकला तो माग. कधी येऊन टिपून नेलात तुम्ही? आम्ही विकायच्या गडबडीत होतो, आणि तुम्ही गपचूप त्याचा आवाज घेऊन गेलात. मी डोळे मिटून बसले. वाटलं, अक्काला आत्ताच्या आत्ता बोलवावं.

आणि धृपद संपलं. जिथं टाळ्या वाजल्या होत्या तिथं अक्काचा आवाज आला. रागावलेला, खणखणीत. "चालु!"

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे. वाढणाऱ्याचा हात अडवून म्हणतात ते, पोरांनी दंगा केला की म्हणतात ते. तुमच्या पहिल्या दिवाळीला तुम्ही की-बोर्ड काखोटीला मारून आला होतात, जेवणं झाल्यावर वाजवायला बसलात, आणि आई वैतागून आतून ओरडली, "चालु, चालु!" तुम्हाला वाटलं, सासूबाई म्हणतायत चालू ठेवा. तुम्ही जोर वाढवलात. आई पुन्हा ओरडली, तुम्ही आणखी वाढवलात. मग समजावून सांगितलं तरी तुम्ही जन्मभर न समजल्याचंच सोंग केलंत. अक्का चिडून चालु म्हणाली की तुमची बोटं दुप्पट पळायची. "बायकू चालू म्हणती, म्या कशाला थांबू?"

तर तुम्ही टाळ्यांच्या नंबरावर अक्काचं ते चालु बसवलं होतंत. प्रत्येक धृपदाला एकदा.

मी हेडफोन काढून ठेवला. मला तुमचा गमतीचा स्वभाव माहीत आहे, पण त्या क्षणी गंमत दिसलीच नाही. दिसत होती ती अक्का, येईल त्याच्यापुढं "मी त्यांना गप्प करत होते" म्हणून रडणारी. तिच्या कानात तिचाच आवाज पुरे, पुरे म्हणून ओरडणार. ती कोसळेल. एकदा मी तिला चारचौघांत खाली बघायला लावलं होतं, आता तुमच्या हातून तिला मारायचं? मला माझी चूक निस्तरायची होती. लॅपटॉप बॅगेत होताच. फाइल उघडली, त्या नंबरच्या सगळ्या खुणा निवडल्या आणि पुसल्या. मूळ फाइल तेवढी बाजूला ठेवली. पुसून झाल्यावर चाल कशी स्वच्छ, गुळगुळीत वाटायला लागली. मी स्वतःवर खूष झाले, बावा. हे लिहिताना कान तापलेत माझे, पण खूष झाले. टॉवेलच्या काठावरचा दोष काढल्यावर होते तशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्काला घेऊन आले. ती तुमच्या खुर्चीवर बसली. रस्त्यावर रिक्षा, शेजारी झेरॉक्स, म्हणून तिला हेडफोन लावला. वाजवलं. बेंजो ऐकून ती हसली. मग मला म्हणाली, हेडफोन लावलेला माणूस बोलतो तशी ओरडून, "आपला माग गं!" मी मान हलवली. मनात म्हटलं, फिटलं. आता गल्लीने काय बोलायचं ते बोलू दे.

पहिलं धृपद संपायच्या वेळी ती खुर्चीत पुढं सरकून बसली. पुढं गेलं गाणं. ती तशीच पुढं सरकलेली. दुसऱ्या धृपदाला तिने हेडफोन कानावर दाबून धरला. गाणं संपलं. तिने पुन्हा लाव अशी खूण केली, मी लावलं. या खेपेला ती हसली नाही. संपल्यावर हेडफोन मांडीवर घेऊन बसली.

"माझं चालु कुठंय?"

मी विचारलं, कसलं चालु. होय, असंच विचारलं मी. मला काही माहीतच नसल्यासारखं.

"अगं, माझा आवाज घेतला होता त्यांनी. हितंच, ह्या खुर्चीवर बसवून. नीट रागाने म्हण, म्हणाले. मला रागच येईना, तर म्हणाले, तुझ्या आईला आठव. टाळ्यांच्या जागी ठेवतो म्हणाले. मला टाळ्या देणारी तू एकच, म्हणाले." ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होती. "तेराव्याला टाळ्या आल्या तेव्हा मला कळलं, मोबाइलला माझा आवाज कुठनं माहीत असणार. पण हे तर त्यांचंच मशीन ना?"

मी माउस उगाच हलवत राहिले.

"म्हणजे नंतर काढलं त्यांनी," अक्का म्हणाली. "जायच्या आधी सारखं नवं काहीतरी घालत होते ना ह्याच्यात. तेव्हा काढलं असणार. बरोबरच आहे. कंटाळले असतील." मग माझ्याकडं बघून विचारलं, "काढलं व्हय गं त्यांनी मला?"

बावा, आता जे सांगते ते मी कुणालाही सांगणार नाही. त्या वेळी माझ्या मनात आलं, असू दे. जाऊ दे तुमच्यावर. तुम्ही काय सांगायला येणार आहात? अक्का दोन दिवस रडेल, विसरेल, आणि मी सुटेन. तोंड उघडलं होतं मी. "असेल गं," असं म्हणायला ओठ जुळले होते. इतकी वर्षं तुमच्याशी वाद घातले, एकदाही तुम्ही खोटेपणाने जिंकला नाहीत, आणि तुमच्या माघारी तुमच्याच खुर्चीपाशी उभी राहून मी तुमच्यावर हे घालायला निघाले होते. टाळ्यांची लाज काहीच नव्हती हो याच्यापुढं.

"मी काढलं, अक्का," म्हटलं. "काल. तुला सोसणार नाही म्हणून."

तिने वायर बोटावरनं सोडवली. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?" आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मी पाया तरी पडले असते.

मूळ फाइल लावली. घाईत दोनदा चुकीच्या खिडकीवर पडली. अक्काने हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, नुसत्या हिरव्या रेषा दिसत होत्या आणि तिचा चेहरा. धृपद संपलं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती हसली नाही, रडलीही नाही. पुढच्या धृपदाला, तुमचं मशीन तिच्या कानात म्हणत असणार त्याच वेळी, ती स्वतः मोठ्यांदा म्हणाली, "चालु!" झेरॉक्सवाला दचकून बाहेर आला.

तेलुगूतलं म्हणाली की मराठीतलं, मला कळलं नाही. मी बंद केलं नाही.